क्रायस्लरचे कुर्ला, प्यूजोचे डोंबिवली

कल्याण-शीळ रस्त्याचा आज जो कायापालट झाला आहे, तो पाहून येथे कधी काळी मोटारी तयार होत होत्या, असे कोणा नव्या रहिवाशाला सांगितल्यास त्याचा विश्वास बसणार नाही. जुन्या डोंबिवलीकरांच्या बोलण्यात मात्र ‘प्रीमियर कंपनी’ ही खूण अजूनही येते. याच कारखान्यात 1990च्या दशकाच्या मध्यावर ‘प्यूजो 309’ ही फ्रेंच मोटार तयार होत होती. कंपनीच्या कागदोपत्री तो ‘कल्याण प्लांट’. गावकऱ्यांच्या लेखी तो डोंबिवलीचाच. त्याचे मूळ घर कुर्ल्याला, लालबहादूर शास्त्री मार्गावर. या दोन्ही कारखान्यांचा वंशवृक्ष शोधत मागे गेले, की वाट थेट अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात आणि ‘क्रायस्लर’ या कंपनीच्या दारात जाऊन पोहोचते.

ठाणे-कल्याण पट्ट्यातील दोन-तीन पिढ्यांनी या घराण्यातील मोटारी वापरल्या. त्यांपैकी कोणती भरवशाची निघाली आणि कोणती नाही, याचा हिशेब मांडला तर उत्तर काहीसे अनपेक्षित येते. रचनेने जुनाट असलेली मोटार अर्धशतकाच्या आसपास रस्त्यावर टिकली. तुलनेने आधुनिक आणि उत्तम असलेली मोटार चार-पाच वर्षांतच मालकांच्या गळ्यात पडली.

रेल्वेच्या शेडमधून मोटारीकडे

वॉल्टर क्रायस्लर हा मुळात रेल्वेचा माणूस. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात रेल्वेच्या कार्यशाळेत उमेदवारी करून तो वर चढला. लोकोशेडची परंपरा असलेल्या कल्याणकरांना ही पार्श्वभूमी परकी वाटू नये. 1908मध्ये त्याने कर्ज काढून एक मोटार विकत घेतली आणि ती चालवण्याआधी ती पुनःपुन्हा खोलून जोडून पाहिली, अशी हकीकत त्याच्या चरित्रात येते. 1925मध्ये त्याने स्वतःच्या नावाची कंपनी स्थापन केली. 1928मध्ये डॉज ही मोठी कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी ‘प्लिमथ’ व ‘डिसोटो’ ही नवी नावे बाजारात आणली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांच्यानंतरची अमेरिकेतील तिसरी मोठी कंपनी असे तिचे स्थान त्यानंतर दीर्घकाळ राहिले.

अभियांत्रिकीची कंपनी ही तिची ख्याती. दर्जाच्या बाबतीत मात्र तिचा आलेख कायम वरखाली होत राहिला. 1957च्या लांब शेपटांच्या देखण्या मोटारींनी अमेरिकेला भुरळ घातली, पण त्या घाईने बाजारात आल्या होत्या. गंजणारा पत्रा आणि पावसात गळणारे सांधे यांनी कंपनीचे नाव खराब केले. त्यानंतर 1960मध्ये आलेले तिरके बसवलेले सहा सिलिंडरचे ‘स्लँट सिक्स’ इंजिन मात्र इतके चिवट निघाले, की गाडीचा सांगाडा भंगारात गेला तरी इंजिन चालू राही. 1963मध्ये कंपनीने इंजिन व गिअरसाठी पाच वर्षे किंवा पन्नास हजार मैलांची हमी जाहीर केली. गमावलेला विश्वास परत मिळवण्याचा तो मार्ग होता. पुढे 1976च्या ‘अ‍ॅस्पेन’ आणि ‘व्होलारे’ या मोटारी पुन्हा गंजाच्या तक्रारींनी गाजल्या व त्यांना दुरुस्तीसाठी माघारी बोलावावे लागले. 1979मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. ली आयाकोका यांनी अमेरिकी सरकारकडून दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी मिळवून ती वाचवली. 2007मध्ये कंपनीने इंजिनाला थेट आजीवन हमी देऊ केली आणि दोनच वर्षांनी, 2009मध्ये, तिला स्वतःलाच दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला! हमी देणारी कंपनीच टिकली नाही, तर हमीच्या कागदाचे मोल काय, हा प्रश्न डोंबिवलीच्या ग्राहकांना त्याच्या दहा-बारा वर्षे आधीच पडलेला होता.

वालचंदशेठ आणि डेट्रॉइट

भारतात मोटारींचा कारखाना काढावा ही कल्पना 1930च्या दशकातली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबईत असा कारखाना काढण्याची योजना तयार केली होती. तिच्यामागे भांडवल आणि जिद्द उभी केली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशी यांनी. त्या वेळी देशात मोटारी ‘तयार’ होत नसत. जनरल मोटर्सने 1928मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी सुरू केली होती आणि फोर्डच्या जुळणी शाखाही होत्या. परंतु पेट्यांतून आलेले भाग जोडण्यापलीकडे तेथे काही होत नसे.

1939मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डचा भारतातील व्यवसाय कॅनडातील कंपनीच्या हाती होता. ती बोलणी फिसकटली. जनरल मोटर्सशीही जमले नाही. अखेर 1940मध्ये क्रायस्लरशी करार झाला. याच अमेरिका वारीच्या परतीच्या विमानप्रवासात विल्यम पॉली या विमान-व्यावसायिकाची गाठ पडली आणि त्यातून बंगळूरला विमानांचा कारखाना उभा राहिला, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मोटारीसाठी निघालेल्या माणसाच्या हाती आधी विमान लागले, कारण युद्धकाळात ब्रिटिश सरकारला मोटार कारखान्याला हातभार लावण्यात रस नव्हता. प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कंपनीची स्थापना त्यामुळे 1944पर्यंत लांबली आणि कुर्ल्याहून पहिली वाहने बाहेर पडायला 1947 साल उजाडले.

डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशी या वाहनांची नावे. सोबत डॉज व फार्गो हे ट्रक. ‘डॉज किंग्जवे’, ‘प्लिमथ सॅव्हॉय’, ‘डिसोटो डिप्लोमॅट’ या नावांच्या मोटारी खरे तर सख्ख्या बहिणी होत्या. पत्रा जवळजवळ तोच, इंजिन सहा सिलिंडरचे, फक्त पुढची जाळी आणि बिल्ला निराळा. ऐसपैस बैठक, मऊ स्प्रिंगा, खड्ड्यांना न जुमानणारी चौकट. यंत्र साधे असल्याने बिघाड कमी आणि झालाच तर गावातल्या मिस्त्रीला उलगडणारा. दोष एकच, पण मोठा. पेट्रोल पिण्यात या मोटारींचा हात कोणी धरत नसे. तरीही मुंबईच्या टॅक्सीचालकांनी त्या वर्षानुवर्षे वापरल्या. ट्रकमध्ये ‘पर्किन्स’चे डिझेल इंजिन आले आणि घाटमाथ्यावरच्या मालवाहतुकीत डॉज-फार्गोने नाव कमावले.

सरकारने 1953मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार धोरण ठरवले, की ज्यांना टप्प्याटप्प्याने सुटे भाग भारतातच तयार करायचे आहेत त्यांनीच येथे राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, कारण तिची धडपड पहिल्यापासून त्याच दिशेने होती. पुढच्या सगळ्या हकिकतीचे मूळ या निर्णयात आहे. सुटा भाग येथेच तयार होऊ लागला, म्हणून तो कुर्ल्याच्या आणि ठाण्याच्या दुकानांत मिळू लागला.

‘फियाट’ म्हणजे मोटार

परकीय चलनाची चणचण आणि पेट्रोलचा खर्च पाहता मोठ्या अमेरिकन मोटारींना भवितव्य नव्हते. प्रीमियरने 1951मध्ये इटलीच्या फियाटशी करार केला. आधी छोटी ‘फियाट 500’ आणि 1954पासून ‘फियाट 1100’ कुर्ल्यात होऊ लागली. 1960च्या दशकात क्रायस्लरच्या मोटारी मागे पडत गेल्या. ट्रक मात्र चालू राहिले. 1964मध्ये आलेल्या ‘1100 डी’ या मॉडेलचे नामांतर 1972मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि 1974मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ असे झाले. लोकांनी मात्र तिला अखेरपर्यंत ‘फियाट’च म्हटले.

पद्मिनीचे दोष तिच्या मालकांना तोंडपाठ असत. 1089 घन सेंटिमीटरचे इंजिन उन्हाळ्यात तापायचे. कसारा किंवा माळशेज घाटात वळणावर बॉनेट उघडून, पेट्रोलपंपावर ओले फडके टाकून उभी असलेली फियाट हे नेहमीचे दृश्य होते. पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला, की थंड होण्याची वाट पाहण्याला पर्याय नसे. सुकाणूच्या दांड्यावरचा गिअर ऐन चौकात अडकायचा. किंगपिनला वेळेवर ग्रीस दिले नाही तर सुकाणू जड व्हायचे. पावसाळ्यापूर्वी पॉइंट घासून घेणे आणि प्लग साफ करणे हे घरच्या साफसफाईइतकेच अंगवळणी पडले होते. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत ठाणे-डोंबिवलीला पत्रा विशेष सडे. आधी दारांच्या तळाशी फोड येत आणि मग पायाखालची फरशी जाई. अशा स्थितीत पत्र्याचा तुकडा वेल्ड करून वर डांबराचा लेप, हा त्यावरचा सर्वमान्य उपाय होता.

इतके सगळे असूनही पद्मिनी ‘भरवशाची’ म्हणून ओळखली गेली आणि ते खोटे नव्हते. बिघाड वारंवार होत, पण होणारा प्रत्येक बिघाड ओळखीचा असे. क्लच प्लेट, पंपाची किट, हेड गॅसकेट, सायलेन्सर या वस्तू ऑपेरा हाऊसच्या बाजारात नव्या आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या मिळत. अस्सल परवडली नाही तर ‘लोकल’ असे. वागळे इस्टेटच्या आसपासचे एखादे वर्कशॉप असो की कल्याणच्या मुरबाड रोडवरचे छपराखालचे गॅरेज, ज्याला पान्हा धरता येई त्याला फियाट दुरुस्त करता येई. मोटार रस्त्यात बंद पडली तरी मालक संध्याकाळी तिच्यातूनच घरी परतेल, याची बहुतेक वेळा खात्री असे. टॅक्सी व्यवसायाने तिला उचलून धरले त्याचेही हेच कारण. टॅक्सीवाल्याला बिघाडापेक्षा खाड्याची भीती अधिक असते.

तक्रारीला जागा नव्हती, असे मात्र नाही. दोनच मोठे उत्पादक असलेल्या बंदिस्त बाजारात ग्राहकाला पर्याय नव्हता. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि मिळालेली मोटार रंगात, रबरात, वायरिंगमध्ये कच्ची असली तरी मुकाट्याने स्वीकारावी लागे. डिसेंबर 1983मध्ये ‘मारुती 800’ आली. किल्ली फिरवताच चालू होणे म्हणजे काय, हे त्यानंतर मध्यमवर्गाला कळले. प्रीमियरने 1985मध्ये ‘118 एनई’ हे उत्तर शोधले. ‘फियाट 124’चा सांगाडा आणि निस्सानचे 1171 घन सेंटिमीटरचे इंजिन असा तो संकर होता. ‘एनई’ ही अक्षरे निस्सान इंजिनचीच. इंजिन शांत व दमदार होते; पत्र्याचे काम मात्र जुन्या वळणाचेच राहिले. पुढे पद्मिनीत आणि ‘118’मध्ये इटलीच्या ‘एफएनएम’ कंपनीची छोटी डिझेल इंजिनेही आली. त्यांचा खडखडाट ज्यांनी ऐकला आहे, त्यांना त्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

डोंबिवलीची फ्रेंच मोटार

1991च्या उदारीकरणानंतर परदेशी कंपन्या भागीदार शोधू लागल्या. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी हातमिळवणी करून ‘पाल-प्यूजो’ ही कंपनी काढली आणि कल्याण-शीळ रस्त्यावरील कारखान्यात ‘प्यूजो 309’ची निर्मिती सुरू झाली. दुसरीकडे कुर्ल्यात फियाटच्या भागीदारीतून ‘युनो’चे काम चालू झाले. एकाच घरात दोन नवे संसार!

येथे इतिहासाची एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. क्रायस्लरने युरोपात पसरलेला आपला सगळा व्यवसाय 1978मध्ये प्यूजोला विकला होता. त्यासोबत ब्रिटनमधील कारखाने आणि तेथील आरेखन विभागही प्यूजोकडे गेले. ‘309’ या मोटारीचा आराखडा याच जुन्या क्रायस्लरच्या मंडळींनी ‘टॅलबॉट’ या नावासाठी केला होता. आयत्या वेळी, 1985मध्ये, तिच्यावर प्यूजोचा सिंह बसवला गेला. म्हणजे 1947मध्ये कुर्ल्यात पुढच्या दाराने आलेली क्रायस्लर जवळजवळ पन्नास वर्षांनी डोंबिवलीत मागच्या दाराने परत आली. शोरूममध्ये फ्रेंच मोटार म्हणून ‘309’ पाहणाऱ्या ग्राहकाला अर्थातच याचा पत्ता नव्हता.

मोटार चांगली होती. युरोपात तिचे उत्पादन तोपर्यंत थांबले होते हे खरे, परंतु अँबेसेडर-पद्मिनीच्या तुलनेत ती एक पिढी पुढची होती. खराब रस्त्यांवरची तिची लवचीक चाल, वेगातली पकड आणि प्रशस्त बैठक यांची आठवण जुने मालक आजही काढतात. 1527 घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन तर विशेष नावाजले गेले. काटकसरी, चिवट आणि व्यवस्थित निगा राखल्यास लाखो किलोमीटर कुरकुर न करणारे असे ते इंजिन होते.

पण कारखान्यात शांतता नव्हती. मुंबई-ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यातील कामगार संघटनांचा आणि व्यवस्थापनाचा संघर्ष प्रीमियरला नवा नव्हता, डॉ. दत्ता सामंत यांचाही तेथील कामगारांत प्रभाव होता. जानेवारी 1997मध्ये सामंतांची पवईत हत्या झाली, त्या काळात या संघर्षाला किती धार आली होती, हे ठाणे जिल्ह्यातील जुन्या कामगारांना आठवत असेल. कल्याणच्या कारखान्यात काम वारंवार ठप्प होऊ लागले. भागीदारांत बेबनाव झाला आणि 1997च्या सुमारास प्यूजोने काढता पाय घेतला. उत्पादन बंद पडले. पैसे भरून मोटार न मिळालेल्या ग्राहकांवर परताव्यासाठी ग्राहक मंचाच्या पायऱ्या झिजवण्याची वेळ आली. कुर्ल्यात ‘युनो’चीही प्रचंड नोंदणी होऊन पुरवठा मात्र रखडला, फियाटने पुढे तो कारभार स्वतःच्या हाती घेतला. कामगारांच्या चुली विझल्या ते निराळेच. त्या घरांसाठी हा प्रश्न मोटारीच्या सुट्या भागांपुरता नव्हता.

‘309’ खरेदी केलेल्यांची खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. मोटारीत दोष नसताना ती अविश्वसनीय ठरली. पुढची काच फुटली तर काच मिळेना. दिव्याचा संच, दाराची कडी, मागच्या धुरीचे बेअरिंग यांसाठी भंगारातली दुसरी ‘309’ शोधावी लागे. दोन गाड्या घेऊन एक चालवायची आणि दुसरी सुट्या भागांसाठी उभी ठेवायची, हा मार्ग काही हौशी मालकांनी पत्करला. बाकीच्यांनी मिळेल त्या किमतीला मोटार काढून टाकली. इंजिनाच्या बाबतीत मात्र नशिबाने साथ दिली. तेच डिझेल इंजिन 1998पासून मारुतीच्या ‘झेन’ आणि ‘एस्टीम’ या मोटारींच्या डिझेल आवृत्त्यांत येऊ लागले. त्यामुळे बंद पडलेल्या फ्रेंच कंपनीचे गॅसकेट आणि फिल्टर मारुतीच्या काउंटरवर मिळू लागले. मालकाने दुकानदाराला ‘प्यूजो’ हे नाव न सांगता ‘झेन डी’ म्हणायचे, एवढेच पथ्य.

एका छत्राखाली

पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या आरंभी थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून अखेरची पद्मिनी ऑक्टोबर 2003मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेनुसार ऑक्टोबर 2023मध्ये ती निवृत्त झाली. तेव्हा वृत्तपत्रांनी तिला निरोपाचे रकाने दिले. प्रीमियर कंपनीने 2009मध्ये चिंचवडहून ‘रिओ’ नावाची छोटी मोटार आणून पुनरागमनाचा प्रयत्न केला. तिच्यातही आरंभी तेच 1527 घन सेंटिमीटरचे प्यूजोचे इंजिन होते. तो प्रयत्न तग धरू शकला नाही आणि 2021मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

क्रायस्लरची भ्रमंती याहून लांबची. 1998मध्ये जर्मनीच्या डेमलरशी विलीनीकरण, 2007मध्ये फारकत, 2009च्या दिवाळखोरीनंतर फियाटचा आधार आणि 2014मध्ये फियाटकडे पूर्ण मालकी. जानेवारी 2021मध्ये फियाट-क्रायस्लर आणि प्यूजोचा समूह एकत्र येऊन ‘स्टेलांटिस’ ही कंपनी झाली. प्रीमियरने वेगवेगळ्या काळात ज्या तिघांशी करार केले, ते क्रायस्लर, फियाट आणि प्यूजो अशा रीतीने एका छत्राखाली आले. ज्यांनी त्यांना महाराष्ट्रात आणले, ती प्रीमियर मात्र त्यात कुठेच नाही. क्रायस्लरच्या गोतातील ‘जीप’ हे नाव 2017पासून पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणाऱ्या ‘कंपास’च्या रूपाने परतले.

दरम्यान ‘309’च्या मालकांवर आली तशी वेळ इतरांवरही आली. जनरल मोटर्सने 2013मध्ये 2005पासून विकलेल्या सुमारे 1 लाख 14 हजार ‘टवेरा’ गाड्या माघारी बोलावल्या. धूर-उत्सर्जनाच्या चाचण्यांत कंपनीच्याच माणसांनी गैरप्रकार केल्याचे उघड झाले होते. 2017च्या अखेरीस या कंपनीने भारतातील विक्री बंद केली आणि सप्टेंबर 2021मध्ये फोर्डनेही येथील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. या वेळी दोन्ही कंपन्यांनी सुटे भाग व दुरुस्तीची सोय चालू ठेवण्याचे जाहीर आश्वासन दिले. 1997च्या डोंबिवलीकर ग्राहकाला असे आश्वासनही नीट मिळाले नव्हते. तरीसुद्धा पुनर्विक्रीची किंमत घसरायची ती घसरलीच.

‘एमएच-04’ वा ‘एमएच-05’ क्रमांकाची जुनी पद्मिनी किंवा ‘309’ आजही बाळगणाऱ्यांपुढे आता वेगळी अडचण आहे. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल 2022मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले होते. शुल्क भरता येते, पण तपासणीला गाडी धडधाकट न्यावी लागते. पद्मिनीच्या मालकाला त्यासाठी अजूनही एखादा म्हातारा मिस्त्री सापडतो, ब्रेकचे रबर आणि दिव्याची काच मिळते. ‘309’चा मालक मात्र तपासणीच्या तारखेआधी काही महिने कुर्ल्याच्या भंगार बाजारात फेऱ्या मारू लागतो.